सहभागी क्रमांक सात

शुक्रवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवत कमळाकर म्हणाले, "बाय, तुज्या कामान पाय ऱ्हयलं."

त्यांची मुलगी नमिता लॅपटॉपवर प्रस्ताव लिहीत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली की पायांचे सेन्सर अजून आलेले नाहीत, आले की बघू.

"मीठ हाताला नाय कलत. टाचंला कलतं," ते म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "रविवारी करू," आणि भाजी आणायला शिरवण्याच्या बाजारात गेले. आल्यावर कोथिंबीर महाग झाल्याचं बायकोला, पुतळाला, सांगून ते जेवले, झोपले. त्या दिवसात याहून जास्त काही घडलं नाही.

खाडीकाठच्या मिठागरात कमळाकरांची पंचवीस वर्षं गेली होती. मिठागर बुजलं, वर रस्ता आला, तरी पाणी कधी घ्यायचं आणि मीठ कधी ओढायचं, हे त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं. नमिता नेरूळच्या कॉलेजात आभासी वास्तवावर संशोधन करत होती. डोळ्यांवर हेडसेट चढवला की समोर मिठाचे वाफे दिसायचे आणि जाणत्या माणसाचे हात आपल्या हातांशेजारी मीठ गोळा करायची फळी ओढायचे. अशी जुनी कामं कशी टिपून ठेवायची, हे विद्यार्थ्यांना तीन तासांत करून दाखवणारं ट्युटोरियल तिला एका परिषदेत घ्यायचं होतं. प्रस्ताव त्याचाच होता.

हात बाबांचे होते, पण प्रस्तावात ते 'सहभागी क्रमांक सात' होते. संशोधकाच्या नातलगाला सहभागी करायचं नाही, केलं तर त्याची सगळी नोंद पुसून टाकायची, असा कॉलेजचा नियम होता. फॉर्मवर 'संशोधकाशी नातं' या रकान्यात नमितानं 'नाही' असं लिहिलं होतं. दुसरा माणूस शोधायला वेळ नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं. लॅबच्या दाराशी तिनं बाबांना बजावलं होतं की आत मी तुम्हाला काका म्हणेन.

त्यांनी ते फारच मनावर घेतलं. हेडसेट घालून उभे राहिले की मुद्दाम विचारायचे, "मॅडम, आता कंचा हात वर करू?" पोरं हसायची. नमिताचे मार्गदर्शक उदयसिंह सर साताऱ्याकडचे. काका एकदम झकास माणूस आहे, असं ते कौतुकानं म्हणायचे. घरी येऊन कमळाकर पुतळाला सांगायचे, "पोरीन मना काका केला गो," आणि दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची. नमिताही हसायची. पण लॅबमध्ये त्यांच्या भेगाळलेल्या पायांकडे पोरं बघत असताना, ते आपले कुणी नाहीत याचं तिला जरासं बरं वाटलं होतं. तेवढं मात्र ती कुणाजवळ बोलली नव्हती.

शनिवारी सकाळी कमळाकर न्हाणीघरात कोसळले. हॉस्पिटलच्या दारात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

वडील वारल्याचं कळवून नमितानं रजा घेतली. लॅबच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. उदयसिंह सरांनी फोन केला, बराच वेळ हळू आवाजात बोलले. नमिताचे वडील गेले आणि काका आहेत, अशी लॅबची समजूत होती. घरात बाराव्याची तयारी चालली होती, आणि कॉलेजच्या कॉम्प्युटरवर सहभागी क्रमांक सात रोज कुणा ना कुणासमोर फळी ओढत होता.

बाराव्यानंतर ती कामावर गेली. पहिल्याच दिवशी दार लावून तिनं हेडसेट घातला. हात आले. मनगटापाशी तुटलेले, राखाडी, स्वच्छ हात. भेगा नाहीत, आवाज नाही. ओळख लपवण्यासाठी तो तिनंच काढून टाकला होता. खाली बघितलं तर फळीमागे पाऊल नव्हतं, नुसती पांढरी जमीन. तिनं हात पुढे केला तो त्या हातांतून आरपार गेला.

त्याच आठवड्यात परिषदेच्या समितीची ऑनलाइन बैठक झाली. समितीच्या अध्यक्ष प्रियदर्शिनी मॅडमना प्रस्ताव आवडला होता. मंजूर करायला एकच अडचण होती. हात सुरेख आहेत, पण या कामात पावलांनी जमिनीचा अंदाज घ्यावा लागत असणार. त्याच जाणकाराकडून तेवढं टिपून घेता येईल का, असं त्यांनी विचारलं.

उदयसिंह सरही बैठकीत होते. ते नमिताच्या वतीनं म्हणाले, "येईल की. काका नमिताच्या गावचेच आहेत, एका फोनवर येतात."

गप्प राहिलं तर हात राहणार होते, बिननावाचे. दुसऱ्या कुणाचे तरी पाय त्यांना जोडता आले असते. बोललं तर प्रस्ताव जाणार होता, शिवाय हातही पुसले जाणार होते, आणि बाबांचं हलतं असं दुसरं काहीच घरात नव्हतं. एक व्हिडिओ काढून ठेवायचंही तिला कधी सुचलं नव्हतं.

सर म्हणाले, "नमिता, काकांना रविवारी बोलवूया का?"

तिनं माइक सुरू केला.

"ते येणार नाहीत, सर. मी रजा घेतली ती त्यांच्यासाठीच. ते माझे काका नव्हते. कमळाकर त्यांचं नाव. माझे बाबा होते ते, आणि तुमच्यासमोर मला त्यांची लाज वाटली होती."