मी अडवलेला खोकला

मित्रांनो, इतर वस्तू फडताळात राहतात, फार तर भिंतीवर. मी सहा वर्षं एका माणसाच्या कानात काढली आहेत. मी एक जुनी कानाची मशीन आहे. चिंचोक्यापेक्षा थोडी मोठी, रंगाने राखाडी, कानामागे बसून आत बारीक नळी सोडणारी. माझ्या गोष्टींत थोडा मीठमसाला असतो, हे आधीच सांगून ठेवते. इतकं ऐकणाऱ्याला ती सवय लागतेच.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथं एवढी शांतता होती की शेजारच्या खोलीत धूळ खाली बसली तरी मला ऐकू यायची. तिथून खोक्यात बसून मी पाटोद्याला आले, खाजामियाँच्या उजव्या कानात.

खाजामियाँ शेळीबाजारातले जुने दलाल. त्यांना ऐकू येईनासं होऊन पाच वर्षं झाली होती, तरी बाजारात कुणाला पत्ता नव्हता. कारण तिथला सौदा तोंडानं होतच नाही. टॉवेलाखाली दोघांचे हात जातात, बोटं दाबून भाव ठरतो आणि माना हलतात. कानाचं काम एकाच ठिकाणी पडायचं. भाव ठरण्याआधी खाजामियाँ शेळीच्या बरगड्यांना कान लावायचे. आत घुरघुर नसली की म्हणायचे, "छाती साफ हाय. घेऊन जा." मग घेणारा दुसरं काही विचारत नसे. तो कान गेल्यापासून ते नुसता हात फिरवून अंदाज सांगत आणि घरी येऊन गप्प बसत. म्हणून त्यांनी मला घेतलं.

पहिल्याच बाजारी मी त्यांना एका बोकडाची घुरघुर ऐकवली. त्यांनी डोळे मिटले. "लई दिवसांनी भेटलास बे," ते बोकडाला म्हणाले. बोकड आजारी होता, तरी लाजला. निदान मला तसं वाटलं.

चार वर्षं आमचं असं छान चाललं. लोक म्हणत, खाजामियाँचा कान म्हणजे जनावराच्या डॉक्टरची नळी. ते माझं कौतुक होतं, पण नाव त्यांचं होत होतं. मी वाईट वाटून घेतलं नाही. घेतलं, पण थोडंच.

मी त्यांच्या मोबाइलला जोडलेली होते. एके सकाळी त्या वाटेनं कंपनीकडून माझ्यात नवं सॉफ्टवेअर उतरलं. कुणी काही विचारलं नाही. मोबाइलवर फक्त एक ओळ उमटली, 'तुमचे यंत्र आता अधिक हुशार झाले आहे.' आत मला हुकूम होता की माणसाचं बोलणं तेवढं पुढे द्यायचं, बाकीचा गोंगाट दारातच अडवायचा. गोंगाट कोणता, त्याची यादी सोबत होती. पंखा, गाड्या, भांडी. शेळीचं नाव कुठंच नव्हतं, पण तिचा आवाज माणसाचं बोलणं नव्हे, म्हणून तीही गोंगाटातच गेली.

आधी खाजामियाँ खूष झाले. चहाच्या टपरीवरच्या गप्पा स्वच्छ ऐकू येऊ लागल्या. त्यात त्यांच्याबद्दलच्याही होत्या.

मग लिंबागणेशच्या भामाबाई आल्या. एकटी बाई, घरी दोन शेळ्या, त्यांच्या दुधावर घर. तिसरी घ्यायला आल्या होत्या. खाजामियाँनी शेळीला कान लावला. आत घुरघुर होती, मित्रांनो. खोल, ओली घुरघुर. मागून खोकलाही आला. दोन्ही माझ्यापर्यंत पोचले आणि मी ते पुढे दिले नाहीत.

"छाती साफ हाय," खाजामियाँ म्हणाले. "घेऊन जा."

पंधरा दिवसांनी भामाबाई परत आल्या. भांडल्या नाहीत. चारचौघांत एवढंच म्हणाल्या, "खाजाभाई, ती शेळी मेली. घरच्या एकीला बी खोकला लागलाय. म्या शेळी न्हाई घेतलती, तुमचा शबूद घेतलता."

त्या दिवशी खाजामियाँच्या टॉवेलाखाली कुणाचा हात आला नाही.

मोबाइलवरची ती ओळ आठवून ते मला घेऊन शहरातल्या कंपनीच्या केंद्रात गेले. "पहिल्यावानी करून द्या," म्हणाले.

"ते होत नाही, आजोबा. आता सगळ्यांना हेच आहे. आवाज वाढवून देऊ का?"

"आवाज नको. मला शेळी ऐकायचीय."

टेबलामागच्या माणसानं चष्मा वर सरकवला. "मशीन तुमची आहे आजोबा, पण आतलं सॉफ्टवेअर कंपनीचं. गोंगाट कशाला म्हणायचं ते तिकडून ठरतं. बाहेर कुठं उघडलीत तर आम्ही हात लावणार नाही."

"तिकडं शेळ्या हायत का?"

"कुठं?"

"जिथून ठरतं, तिथं."

भला माणूस होता, पाणी दिलं त्यानं.

खाजामियाँची नात अदिबा बसस्थानकासमोर मोबाइल दुरुस्त करते. तिनं आठवडाभर कुठंकुठं वाचलं आणि एका संध्याकाळी खाजामियाँसमोर बसून म्हणाली, "नाना, काही लोकांनी ह्या मशिनीसाठी मोकळं सॉफ्टवेअर लिहिलंय. फुकट वाटतात. काय अडवायचं आन काय सोडायचं, ते आपण ठरवायचं. पण मधेच काही बिघडलं तर ही कायमची गेली. कंपनी बघणार न्हाई."

"मग तुझा आवाज बी न्हाई यायचा?"

"दुसरी घेईपर्यंत न्हाई. आन दुसरीत बी कंपनीचंच असणार."

खाजामियाँनी मला कानात नीट बसवलं. "एकदा हाक मार."

"नाना," अदिबा म्हणाली.

त्यांनी मला काढून तिच्या हातात दिलं. "खोल आता."

पुढच्या तासाबद्दल मला काहीच सांगता येत नाही. माझ्यासारखीनं असं म्हणावं, म्हणजे बघा.

शुद्धीवर आले तेव्हा मी पुन्हा कानात होते आणि अदिबा विचारत होती, "नाना, येतंय का ऐकायला?"

"वरडतीस कावून?" खाजामियाँ म्हणाले. मग त्यांनी हात वर करून तिला गप्प केलं. पंख्याची कुरकुर चालली होती. ते ती संपूर्ण ऐकत बसले. तसा तो पंखा अजूनही कुरकुरतोच. फोन आता माझ्यातून बोलत नाही आणि कंपनीच्या लेखी मी 'अनोळखी यंत्र' आहे. असू दे.

दुसऱ्या सकाळी आम्ही लिंबागणेशला गेलो. भामाबाईंनी बसायला पोतं टाकलं, पण पाणी विचारलं नाही. खाजामियाँनी एका शेळीला कान लावला. "हिच्यात घुरघुर हाय. आजच वेगळी बांधा, डॉक्टरला दाखवा." मग दुसरीला. "ही साफ हाय."

"तवा बी असंच म्हणलतात," भामाबाई म्हणाल्या.

खाजामियाँनी मला कानातून काढलं, सदऱ्याला पुसलं, माझा आवाज कमी केला आणि भामाबाईंपुढे धरलं. "तुमीच ऐका."

त्यांनी मला कानाशी धरलं आणि पहिल्या शेळीवर वाकल्या. मी घुरघुर दिली, जशीच्या तशी. मग दुसरी. श्वास स्वच्छ होता, आणि खाली पोटात कुठंतरी करडाचं काळीज धडधडत होतं. हे मी वाढवून सांगत असेन, पण भामाबाई बराच वेळ उठल्या नाहीत.

मी परत खाजामियाँच्या कानात बसल्यावर त्या म्हणाल्या, "येत्या बाजारी एक शेळी बघून ठिवा. मी येते. ऐकायला."

मित्रांनो, तुमच्या खिशात, टेबलावर माझे पुष्कळ भाऊबंद आहेत. त्यांना पाण्यापासून जपा, धूळ पुसा. आणि अधूनमधून विचारा, बाबा, तू माझ्यापासून काय अडवतोस, आणि कुणाच्या सांगण्यावरून? मी जन्मभर वाढवून सांगत आले, त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. एकदाच कमी सांगितलं, तेव्हा भामाबाईंची शेळी गेली.