ओझ्यांची साखळी

"दार निळं आहे!"

बंधूजी डोळे मिटून गरजले आणि लाकडाच्या वखारीवरच्या त्या लांबट खोलीत दाटीवाटीनं बसलेल्या माणसांनी एकदम श्वास रोखला. बंधूजींनी हात पुढे करून हवेतलं दार चाचपलं. त्यांना कडीसुद्धा दिसत असावी, कारण त्यांनी ती लावूनही दाखवली.

"एक बहीण... प्रभू नाव सांगत नाहीये... मला दात दिसतायत. पुष्कळ दात!"

"हालेलुया!" मागून कुणीतरी ओरडलं. दातांना हालेलुया कशासाठी, हे विचारायची तिथे सोय नव्हती.

"ही बहीण घर सोडून निघालीये! निळ्या दाराची खोली बघून आलीये! आणि प्रभू म्हणतो, माझ्या मुली, ते दार मी उघडलेलं नाही. मी त्याला कुलूप घालतो!"

धाकटी मधल्या रांगेत थोरल्या बहिणीला खेटून बसली होती. ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होती, आणि नुकतीच एका संध्याकाळी कारखान्याजवळची भाड्याची खोली बघून आली होती. दार निळं होतं. ही गोष्ट तिनं ताईला सांगितली नव्हती, मैत्रिणीला नाही, कुणालाच नाही. आपल्या मनातलं कुणी असं चव्हाट्यावर वाचून दाखवलं की माणूस आधी रडतं आणि मग हात वर करतं. तिनं दोन्ही केलं.

ताईनं तिच्याकडे पाहिलं. म्हणजे पूर्ण मान वळवून पाहिलं, कारण हल्ली शेजारी बसलेलं माणूस दिसायलाही तिला मान वळवावी लागायची.

"तू होतीस ती? मला सोडून जाणार होतीस?"

"नाही गं ताई. आता नाही."

झालं, खोलीचा विषय मिटला.

दोघी बहिणी या मंडळीत आल्या त्या आई गेल्यावर. घर खायला उठायचं. धाकटीला खरोखरच कळेना, पुढे कसं जगायचं, देवाला आपल्याकडून काय हवंय. इथे येऊन ती प्रार्थना करायला शिकली. तिचा फटकळपणा कमी झाला, कारखान्यात ज्या बाईशी विस्तव जात नव्हता तिची तिनं आपण होऊन माफी मागितली. हे काही खोटं नव्हतं, आणि ते खोटं होतं असं ही गोष्ट म्हणतही नाही.

पण बंधूजींची शिकवण निराळी. "विश्वासात वाढायचंय ना? मग आपलं डोकं चालवणं सोडा!" डोकं सोडलं की हाती उरायचं ते बंधूजींचं वचन, म्हणजे प्रभूनं त्यांच्या तोंडून सांगितलेलं. नोकरी बदलायची, विचारा बंधूजींना. मुलीचं लग्न, विचारा बंधूजींना. एका गृहस्थानं मिशी काढण्यासाठी वचन मागितलं होतं. ते आलं नाही, मिशी अजून आहे.

ताईचं वचन मात्र आलं होतं. तिला काचबिंदू होता आणि डॉक्टरांनी रोज डोळ्यांत घालायचे थेंब दिले होते. एका सभेत बंधूजींनी डोळे मिटले आणि म्हणाले, "शिवणयंत्र ऐकू येतंय मला... एक बहीण प्रभूवर नाही, बाटलीवर टेकलीये! ज्या दिवशी बाटली सोडशील, त्या दिवशी प्रभू हात लावील!" ताईचा शिवणकामाचा धंदा. तिनं घरी येऊन थेंब मोरीत ओतले.

आणि गंमत अशी, की तिला काहीच दुखेना. "बघ!" म्हणून ती बारीक सुई पहिल्या फटक्यात ओवून दाखवायची. "आंधळी माणसं सुई ओवतात होय गं?" आणि वळताना टेबलाच्या कडेची इस्त्री तिच्या कोपरानं खाली पडायची. रस्ता ओलांडताना डावीकडून आलेली सायकल तिला दिसायचीच नाही. धाकटीनं दंड धरून मागे खेचलं की ती उलट चिडायची, "घंटी वाजवत नाहीत मेले!"

धाकटी घाबरली आणि एकटीच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली.

"दुखत नाही, हीच तर याची चोरी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा कडेकडेनं खात येतो. मधली नजर शेवटपर्यंत शाबूत, म्हणून सुई ओवली जाते. खाल्लेलं परत मिळत नाही. उरलेलं थेंबांनी राखता येतं. आणा त्यांना."

आणायचं कसं? ताईचं उत्तर तयार होतं. "ज्या माणसाला तुझं निळं दार दिसलं, त्याला माझे डोळे दिसत नसतील?" आणि यावर धाकटीची बोलती बंद व्हायची, कारण निळं दार तिलाही खरंच वाटत होतं. बहीण तिच्या डोळ्यांदेखत आंधळी होत होती आणि तोंडावर कुलूप होतं तिच्या स्वतःच्याच साक्षीचं.

एका दुपारी ती खोलीवाल्या म्हातारीला नकार द्यायला गेली. भर उन्हात दारासमोर उभी राहिली आणि बघतच राहिली.

दार हिरवं होतं.

"आजी, रंग दिला का दाराला?"

"या दाराला? माझ्या लग्नातला रंग आहे तो. हिरवाच."

धाकटी पायरीवरच बसली. कारखान्यात दातांचा रंग जुळवायचा तर ती रोज नमुना घेऊन खिडकीशी जायची, कारण ट्यूबच्या उजेडात रंग फसवतात. त्या संध्याकाळी बोळात ट्यूब जळत होती आणि तिला हिरवं निळं दिसलं होतं. चूक तिची होती. पण मग बंधूजींना कसं निळं दिसलं? देवानंही ते दार संध्याकाळी ट्यूबखालीच पाहिलं की काय?

ताईला तिनं धावतपळत येऊन हे सांगितलं. ताई हसली. "अगं वेडे, तुला निळं वाटलं म्हणून प्रभू तुझ्या समजुतीचं बोलला. लेकराशी बोबडंच बोलतात ना?"

घ्या! दार निळं निघालं तर चमत्कार, हिरवं निघालं तर दुप्पट चमत्कार. अशा माणसाशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

पण धाकटीच्या डोक्यातला किडा गप्प बसेना. निळं हे फक्त तिच्याच डोळ्यांत होतं. म्हणजे ते तिच्याच तोंडून गेलेलं असणार. पण ती तर कुणालाच बोलली नव्हती!

मंडळीत एक रीत होती, ओझं उतरवायची. प्रत्येकीला एक जोडीदारीण ठरवून दिलेली. आठवड्यातून एकदा दोघींनी बसायचं, मनावरचं ओझं एकमेकींना सांगायचं आणि प्रार्थना करायची. धाकटीची जोडीदारीण म्हणजे बालवाडीच्या बाई, फुलासारखी सरळ बाई. त्या आठवड्याच्या बैठकीत बसल्या बसल्या त्यांनी धाकटीचा हात हातात घेतला.

"त्या खोलीचं ओझं उतरलं ना गं एकदाचं?"

धाकटीनं हात मागे घेतला. सांगितलं होतं की! सभेच्या आधी, याच खुर्चीवर, निळ्या दारासकट. आणि तरी ती शपथेवर म्हणाली असती, कुणालाच नाही. इथली सगळीच माणसं असंच म्हणायची. ओझं उतरवलं ते देवाजवळ, मधलं माणूस मोजायचंच नाही.

"बाई, माझं ओझं तुम्ही कुणाला बोललात?"

"छे गं! मी कशाला कुणाला बोलते? पुढे प्रार्थनेला दिलं फक्त. साखळी आहे ना आपली. तेही नाव न घेता."

"नाव न घेता म्हणजे कसं?"

"म्हणजे 'दातांच्या कामातली एक बहीण', एवढंच!"

साखळी बाईंकडून टपालवाल्याच्या बायकोकडे जायची, तिच्याकडून वहिनींकडे. आणि वहिनी म्हणजे बंधूजींची बायको. सगळ्या मंडळीची ओझी तिथे जमायची.

धाकटीनं हेही ताईला सांगून पाहिलं. ताईनं कानांवर हात ठेवले. "प्रार्थनेच्या साखळीला चहाडी म्हणतेस? जीभ झडेल तुझी!" आणि तरातरा निघाली ती दाराच्या डाव्या चौकटीवर आपटली. कपाळाला टेंगूळ आलं. "अंधार आहे मेला," ताई म्हणाली. खिडकीतून ऊन येत होतं.

त्या टेंगळाला बर्फ लावताना धाकटीनं ठरवलं.

पुढच्या बैठकीत ती बाईंजवळ बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा प्रार्थनेत खोटं बोलली. म्हणाली, "ताईचं ओझं आहे. ती चोरून थेंब घालते. सगळ्यांना सांगते सोडले, पण रोज दार लावून घालते." बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "अरेरे! आपण प्रार्थना करू हं." दोन प्रामाणिक बायकांशी धाकटीनं एका दमात बेइमानी केली होती, आणि माघार घ्यायला वाट नव्हती.

सभेच्या दिवशी ती ताईच्या डाव्या बाजूला बसली, म्हणजे तोंड दिसायला नको. गाणी झाली. बंधूजींनी डोळे मिटले, कपाळ दाबलं, अंगाला झटका दिला. झटका त्यांचा ठरलेला होता, गाडी सुरू होण्याआधी बसतो तसा.

"बाटली दिसतेय! लहानशी बाटली... आणि शिवणयंत्र! अरे, या बहिणीच्या डोळ्यांसाठी आपण उपास धरले आणि ही दाराआड चोरून थेंब घालते! म्हणून प्रभूचा हात थांबला! म्हणून तुमच्याही प्रार्थना अडल्या!"

सगळ्या माना वळल्या. आपली प्रार्थना अडवणारी बाई सापडली म्हटल्यावर कोण सोडतो? "कबूल कर!" एक आवाज आला. "कबूल कर बहिणी!" आणखी चार आले.

ताई उभी राहिली. खुर्चीची पाठ धरली होती तिनं.

"मी नाही घातले."

"देवासमोर खोटं बोलू नकोस!"

"बंधूजी, मी ते मोरीत ओतले. तुमच्या शब्दावर ओतले. एक थेंब नाही घातला. रात्र रात्र प्रार्थना केली. कपाळ फुटलं तरी नाही घातला. प्रभूला हे माहीत आहे. मग तो असं कसं म्हणेल?"

"प्रभू खोटं बोलत नाही!" बंधूजी गरजले.

"नाहीच बोलत," ताई म्हणाली. "मीही नाही. मग तुम्हाला हे सांगितलं कुणी?"

धाकटी उठली.

"मी सांगितलं. ते खोटं माझं आहे. बालवाडीच्या बाईंना सांगितलं, ओझं म्हणून."

बाई ताडकन उठल्या. "अगं, पण मी कुणाला बोलले नाही! फक्त टपालवाल्याच्या..."

"मी पण कुणाला नाही!" टपालवाल्याची बायको रडकुंडीला आली. "फक्त वहिनींना. प्रार्थनेसाठी."

आता सगळ्या माना वहिनींकडे वळल्या. वहिनी पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. बराच वेळ शोधत होत्या.

"सैतान!" बंधूजींना एकदम सैतान आठवला. "सैतान या खोलीत शिरलाय!"

"तो कुणाच्या तोंडून आत आला ते तरी सांगा," मिशीवाले गृहस्थ मागून म्हणाले. आणि मग ज्याला त्याला आपापलं ओझं आठवू लागलं. कुणाला कधी सांगितलं, आणि त्यानंतर कितव्या सभेत ते वरून उतरलं.

इथे बंधूजी पळून गेले असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. पुढच्या सभेत निम्म्याहून जास्त खुर्च्या भरल्या आणि 'संशयाची चाळणी' या विषयावर जोरदार प्रवचन झालं. ज्यांनी बंधूजींच्या वचनावर पोरींची लग्नं लावली होती, धंदे मोडले होते, त्यांना ते वचन खोटं म्हणणं परवडणारं नव्हतं. पिंजऱ्याचं दार उघडं दिसलं तरी आत इतकी वर्षं काढलेली असली की पाय निघत नाही.

ताई घरी आल्यावर धाकटीशी बोलेना. जेवण वाढायची आणि पाठ करून बसायची. शेवटी फुटली. "चारचौघांत चोर ठरवलंस मला! तुला दुसरं खोटं सुचलं नाही?"

"दुसरं कुठलंही खोटं तू पचवलं असतंस, ताई. दार पचवलंस की नाही? हे एकच असं होतं, की ते खोटं आहे हे तुझ्या जिवाला पक्कं ठाऊक होतं."

ताई पुष्कळ रडली. दुसऱ्या दिवशी आपण होऊन चपला घालून दारात उभी राहिली.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. डाव्या डोळ्याची कडेची नजर जवळपास गेली होती, उजव्याची बरीच शाबूत होती. "थेंब पुन्हा सुरू करा. एक दिवस चुकवू नका."

"आणि चुकवले त्या दिवसांचं?" ताईनं विचारलं.

"ते गेले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि थेंबांची चिठ्ठी लिहायला लागल्या.

बालवाडीच्या बाई माफी मागायला घरी आल्या. जाताना सवयीनं म्हणाल्या, "काही ओझं असलं तर सांग गं, मी प्रार्थना करीन."

"करा की," ताई म्हणाली. "मीही करते. देव काही माझा तुटला नाही. पण बाई, एक सांगू? देवासमोर गुडघे टेकले त्याचं मला काही वाटत नाही. त्या माणसासमोर मी डोकं टेकलं. देवाच्या नावावर कुणीही काही सांगायला लागला, की उभं राहून विचारावं, बाबा रे, तुला हे कुणी सांगितलं? बरोबर सांगितलं तर जास्तच विचारावं. विचारल्यानं खरा देव रुसत नाही. मी विचारलं, पण या डोळ्याच्या मानानं फार उशिरा विचारलं."

एवढं बोलून तिनं चहाचा कप बाईंच्या हातात द्यायला पुढे केला. बाई डावीकडे बसल्या होत्या. कप त्यांच्या हाताच्या वीतभर अलीकडे हवेतच सुटला.