खोक्याच्या फळ्यांचा व्हायोल

"काका, हात नका लावू, आधी फक्त बघा," व्हायोल वाजवणारा अंकुर म्हणाला, आणि लगेच स्वतःच बोट घालून फट दाखवू लागला.

नव्या व्हायोलच्या पोटाची, म्हणजे पुढच्या फळीची, कड सुटली होती. खालच्या अंगाला, चांगली वीतभर. गोवर्धन घरतने कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि बोटाच्या पेराने कडेकडेने टकटक करत गेला. फळी धरून होती तिथे आवाज भरीव येत होता. सुटली होती तिथे नुसती फडफड.

"एसी कवापासून चालू हाय?"

"सकाळपासून. हॉलवाल्यांनी आपणहून लावला. आपल्याला वाटलं, बरं झालं."

"महिनाभर खाडीची ओली हवा खाल्ली, आनि आता हा गारठा. सुटनारच. मानूस असता तर आधी शिंकला तरी असता."

अंकुर हसला नाही. संध्याकाळी सातला कार्यक्रम होता आणि आता साडेबारा वाजले होते.

बेलापूरच्या त्या सभागृहात शुभदाताई सबनीसांचं मंडळ वर्षातून दोनदा वाजवायचं. पाच माणसं, चारशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं संगीत, आणि वाद्यंही त्याच काळच्या घडणीची. ऐकायला साठ माणसं आली तर शुभदाताई घरी जाऊन देवापुढे साखर ठेवत. व्हायोल हे त्यातलं खर्जाचं वाद्य: गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचं, तारा तातेच्या, म्हणजे जनावराच्या आतड्याच्या, आणि गळ्यावरचे पडदेसुद्धा तातेचेच, गाठी मारून बांधलेले. मंडळाचा पहिला व्हायोल गोवर्धनने केला होता.

तो काही वाद्यं करणारा नव्हता. तळोज्याच्या एका कारखान्यात ओतकामाचे लाकडी साचे करण्यात त्याची सव्वीस वर्षं गेली. कारखाना बंद पडला आणि नावड्यातल्या पडवीत तो पाट-पोळपाट करत बसला. बारा वर्षांपूर्वी शुभदाताई कुणाच्या तरी सांगण्यावरून तिथे आल्या आणि त्यांनी व्हायोलच्या नकाशाचे कागद पसरले. "साच्याचं काम करता ना? मग हे जमेल." कारखान्यात परदेशी यंत्रं ज्या खोक्यांतून आली होती, त्या खोक्यांच्या पाइनच्या फळ्या गोवर्धनने माळ्यावर जपून ठेवल्या होत्या. त्यांतून त्याने अकरा महिन्यांत व्हायोल घडवला. चुलीवर सरस उकळून बायको बायजाचं निम्मं स्वयंपाकघर त्याने त्या वासाने भरून टाकलं, आणि तिने त्याला त्याबद्दल यथेच्छ शिव्या दिल्या.

तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमाला तो सकाळीच येई. पडद्यांच्या गाठी आवळायच्या, तारांखालची घोडी सरळ करायची आणि मागच्या रांगेत बसून ऐकायचं. मंचावरून त्याचं नावही घेतलं जाई, कधी कधी.

महिन्यापूर्वी जर्मनीहून नवा व्हायोल आला. तिथल्या कुण्या रसिकाने मंडळाला भेट दिला. शुभदाताई फोनवर म्हणाल्या होत्या, "घरत, तुमच्या व्हायोलला आता जरा विश्रांती देऊ. खूप केलं हो त्याने." गरज सरो नि वैद्य मरो, हे गोड शब्दांत सांगायला शिक्षण लागतं आणि ते त्यांच्यापाशी होतं. आज जाताना त्याने आपला व्हायोल घरी न्यायचा, असं ठरलं होतं. तो ग्रीनरूमच्या कोपऱ्यात पेटीत उभा होता.

गोवर्धनने हे घरी सांगितलं नव्हतं. आणि नेमकी आज बायजा यायची होती. अकरा वर्षांत ती एकदाही आली नव्हती. कधी सुनेचं बाळंतपण, कधी नवरात्र, कधी नुसतंच "मला काय कलतं त्यातलं?" या वेळी मात्र तिने स्वतःहून विषय काढला होता. "गुडघे चालताहेत तवर एकदा ऐकून घेते."

"होईल का हो संध्याकाळपर्यंत?" शुभदाताई दारात येऊन उभ्या होत्या. चेहरा उतरलेला. "नाहीतर तुमचाच वाजवू. आहेच की."

शिळ्या भाताकडे बघून म्हणावं, तसं ते 'आहेच की' होतं. तरीही गोवर्धनला मोह झाला. 'सरस रात्रभर आवळून ठेवावा लागतो, उद्या सकाळशिवाय तारा चढवता येणार नाहीत' एवढं म्हटलं की झालं. कुठल्याही सुताराने तेच सांगितलं असतं, आणि ते पुरतं खोटंही नव्हतं. कुणी त्याच्याकडे बोट दाखवलं नसतं. बायजाने त्याचा व्हायोल ऐकला असता.

तो फटीकडे बघत राहिला. जोड इतका स्वच्छ सुटला होता की फळीचा एक तंतूही उचकटला नव्हता. करणाऱ्याने सरस मुद्दाम पातळ लावला होता. हवा फिरली तर जोड सुटावा, पण फळी तडकू नये, म्हणून. कुठल्या तरी थंड गावात बसलेल्या त्या माणसाने पुढे दुरुस्त करणाऱ्यावर भरवसा टाकला होता. गोवर्धनला त्याचा रागच आला. मग थकवा आला.

"व्हईल," तो म्हणाला. "एसी बंद करा. पाच वाजेपर्यंत कोनी शिवायचं नाय. मग तारा चढवा, हलूहलू."

कँटीनच्या शेगडीवर पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून त्याने सरस पातळ केला. सुरीच्या पात्याने तो फटीत सारला आणि लाकडी शिकंजे आवळले. एक शिकंजा तीनदा सोडून पुन्हा लावला. मग तो तिथेच खुर्चीत बसला. अंकुरने आणून दिलेला वडापाव तसाच गार झाला.

बायजा साडेसहाला आली. नावड्यातून रिक्षा, मग मेट्रो. अंगावर लग्नाकार्यातली हिरवी साडी. दोघं मागच्या रांगेत बसली. अंकुर व्हायोल घेऊन मंचावर आला आणि बायजाने मान पुढे काढली.

"यो आपला नाय."

गोवर्धन चष्मा पुसू लागला.

"आपल्याला खांद्यापाशी काली गाठ हाय. अकरा महिने घरात होता, मला कलत नाय का?"

"नवीन आनलाय त्यांनी," तो म्हणाला. "बस आता, सुरू व्हतंय."

वाजवणं सुरू झालं. जोड धरून होता, आणि पहिली दहा मिनिटं त्याचं लक्ष तेवढ्यावरच होतं. मग सगळ्यांत जाड तारेवर गज आला. सूर उठला आणि थेट त्यांच्या रांगेपर्यंत चालत आला, रुंद, शांत, कुठेही न अडखळता. गोवर्धन सरळ झाला. अकरा वर्षं हाच सूर त्याच्या व्हायोलवर मंचाच्या कडेशीच मरायचा. त्याने कधी तातेला दोष दिला, कधी दमट हवेला, कधी अंकुरच्या हाताला. दोनदा तर त्या पोराला बोललाही. दोष फळीतच होता. त्याने ती जाड ठेवली होती, तुटू नये म्हणून, साच्याची ठेवतात तशी. त्याला फार वाईट वाटलं.

"माज्यापेक्षा चांगला हाय," तो हळूच म्हणाला.

"असंल," बायजा म्हणाली. "पन मी काय त्यो ऐकाला नाय आलेली."

टाळ्या झाल्या. शुभदाताईंनी पाहुण्यांचे, हॉलवाल्यांचे, जर्मनीच्या रसिकाचे आभार मानले. सगळे मंचावर फोटोला उभे राहिले, तेव्हा बायजा उठली आणि विचारत विचारत ग्रीनरूममध्ये गेली. गोवर्धनला मागोमाग जावंच लागलं.

"काढा त्यो," कोपऱ्यातली पेटी बघून बायजा म्हणाली.

"मला वाजवता कुठं येतंय?"

"काढा."

त्याने पेटी उघडली. व्हायोल गुडघ्यांत धरला, गज उलटा पकडला, मग सुलटा केला आणि जाड तारेवरून ओढला. सूर खरखरत निघाला आणि त्यांच्या दोघांच्या मध्येच थांबला. फळी कुठे अडवते आहे, तेसुद्धा आता त्याला ऐकू येत होतं. त्याने गज खाली घेतला.

बायजा समोरच्या स्टुलावर पदर सावरून बसली होती, पाहुणे बसतात तशी, हात मांडीवर ठेवून.

"थांबलाव कशाला?" ती म्हणाली. "मी बसलेय."

बाहेर कुणीतरी हॉलचे दिवे एकेक करून बंद करत होतं. गोवर्धनने गज पुन्हा तारेवर ठेवला.