खाकीचा पन्हा

"अहो कोंडाजीराव, पन्हा किती ते विचारलंत का?"

"पन्हा काय इचारायचा? चार वार हाय. माज्या हातानं मोजून घेतलंय."

मी कात्री खाली ठेवून कपाळाला हात लावला. पिंपरीत शिलाईचं दुकान टाकल्यापासून हेच चाललंय. कारखाने येताहेत, जो तो पँट शिवायला येतोय, आणि कापड मात्र धोतर घ्यावं तसं नुसती लांबी मोजून आणतोय. धोतर-लुगड्याचा पन्हा, म्हणजे रुंदी, मागावरच ठरलेला, तो जन्मात कुणी विचारला नाही. पँटीच्या कापडाची रुंदीही बघायची असते, हे सांगून सांगून माझ्या घशाला कोरड पडली!

टेप लावली. सत्तावीस इंच. चोपन्न असता तर चार वारांत फुल पँट, शर्ट होऊन वर टोपी निघाली असती.

"पन कापड जड हाय की. हातात घिऊन बगा."

"जड?" मी एक कोपरा तांब्यात बुडवून चोळला. पाणी पांढरं झालं आणि कापडातून माझी बोटं दिसायला लागली. "ही खळ आहे, खळ! कुठून उचललंत हे?"

"काल चाकणच्या बाजारात. फिरता कापडवाला व्हता. आता शनवारीच गावंल."

आणि कामावर उद्या सकाळी हजर व्हायचं. नव्या कंपनीत रखवालदार. खाकी कपडे ज्याचे त्यानं आणायचे.

"हाफपँट आणि अर्ध्या बाह्यांचा शर्ट. पुढे चिंधीसुद्धा उरणार नाही," मी खेकसलोच. "साठीला आलात, आधी मला विचारायला काय झालं होतं?"

"फुल न्हाई व्हनार?"

"नाही म्हणजे नाही!"

कोंडाजी कापडावरून हात फिरवत राहिले. "लेकीच्या सासरची मानसं कंपनीम्होरल्या रस्त्यानंच जात्यात, म्हनून म्हनलं. गेट हाय तिथं माजंच वावर व्हतं. जन्मभर गुडघं उघडं टाकूनच राबलो तिथं. तवा मालक व्हतो, येवढंच."

मला माझ्याच तोंडाची लाज वाटली.

कापड भिजवून वाळवलं, तर ते मेलं आणखी आटलं. उभं लावलं, आडवं लावलं, तिरकं लावलं. शेवटी खालची दुमड न घालता आतून मांजरपाटाची पट्टी जोडली आणि पँट दोन बोटं लांब केली.

सोमवारी मुद्दाम त्या रस्त्यानं गेलो. कोंडाजी गेटापाशी ताठ उभे होते. पँट गुडघे कसेबसे झाकत होती. साहेबांची मोटार आली. गेट उघडायला ते पुढे झाले तसा त्यांचा हात सवयीनं मांडीशी गेला, धोतर वर खोचायला. हाताला काही लागलं नाही.

मग त्याच हातानं त्यांनी सलाम केला.