आप्पांसाठी लावलेली दुर्बीण

मी दुर्बीण बोलतेय. बोलतेय कसली, पुटपुटतेय. आज सकाळपासून इतक्या जणांनी डोळे टेकवलेत ना, की आता माझेच डोळे दुखतायत.

जन्म कुठल्यातरी कारखान्यात झाला, नीट आठवत नाही. शुद्धीवर आले ती थेट गंगापूर रोडला, कुंदनच्या फ्लॅटमध्ये. पहिला आठवडा काय ते लाड! चंद्र बघ, समोरच्या बिल्डिंगमधलं भांडण बघ. मग रवानगी माळ्यावर, आकाशकंदिलाच्या शेजारी.

आज बाहेर काढलं ते आप्पांसाठी. आप्पा म्हणजे कुंदनचे सासरे, नांदगावचे. काचबिंदूने त्यांचा एक डोळा गेलाय, दुसराही हळूहळू चाललाय. गेलेली नजर परत येत नाही म्हणे. म्हणून त्यांच्या लेकीने, हर्षालीने ठरवलं, दिसतंय तोवर आप्पांना नांदूरमध्यमेश्वरचे फ्लेमिंगो दाखवायचेच.

अभयारण्यातल्या मनोऱ्यावर ही गर्दी. आधी कुंदन. मग त्याची आणि हर्षालीची लेक पायल. मग "दादा, एक मिनिट द्या ना" म्हणणारे अनोळखी लोक. जो येतो तो माझं मधलं चाक आपल्या डोळ्याप्रमाणे फिरवतो. कान पिळल्यासारखं वाटतं हो.

आप्पा मागेच उभे. "पोरांना बघू द्या आधी."

शेवटी कुंदनने मला त्यांच्या हातात दिलं, चाक स्वतःच्या नजरेला लावलेलं तसंच. "दिसतंय का आप्पा?"

"दिसतंय, दिसतंय. लय भारी, जावईबापू."

काही दिसत नव्हतं. मला माहीत ना, मी त्यांच्या डोळ्याला चिकटलेली. सगळा नुसता धुरळा. पण जावयाला त्रास कसा द्यायचा? चहासुद्धा दुसऱ्यांदा न मागणारा माणूस. आणि मला तर तोंडच नाही.

ऊन कलायला लागलं. सगळे निघाले. पायऱ्या उतरता उतरता हर्षालीने सहज विचारलं, "रंग कसा होता आप्पा?"

"पांढरा की. बगळ्यावानी."

ती थांबली. "आणि पंख उघडल्यावर?"

आप्पा कठडा चाचपत पुढची पायरी उतरायला लागले.

"पायल, दुर्बीण दे इकडे. चला आप्पा, परत वर."

"अगं, जावईबापू गाडीत बसले."

"बसू दे. तुमचा जावई आहे, वितळत नाही."

तिने मला त्यांच्या डोळ्यांना लावलं आणि स्वतः चाक फिरवायला घेतलं, हळू, अगदी हळू. "नीट दिसलं की 'थांब' म्हणा."

"अजून... मागं घे जरा... थांब."

आप्पांनी मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"हर्षे, हे तर डोकं उलटं घालून खातंय गं, चिखलात." थोड्या वेळाने, "उडालं बघ. आतून गुलाबी हाय. लय गुलाबी."

हर्षालीने नाक पुसलं.

गाडीत कुंदन माझं चाक फिरवायला लागला, तर ती म्हणाली, "हात लावू नकोस रे. आप्पांचं लागलंय."

आता मी बॅगेत पडलेय, पार दमून. एकच मागणं आहे. कुणी "दिसतंय, दिसतंय" म्हणालं, तर एकदा रंग विचारत जा. आणि मला खुशाल माळ्यावर टाका, फक्त हे चाक असंच राहू द्या.