काजळीचा डबा आणि मास्तरांची सवय

मित्रांनो, जगाचा श्वास माझ्या हाती आहे. निदान माझ्या खोक्यावर तसं छापलं होतं. प्रत्यक्षात मी एके काळी डिझेल गाडीच्या पोटाखाली, धुराच्या नळीत बसवलेला एक जुना फिल्टर आहे. मला हात नाहीत.

इंजिनाच्या धुरातली काजळी अडवायची आणि पोट भरलं की ती आतल्या आत जाळून टाकायची, एवढंच माझं काम. तोंड काळं करून घेणं हा आमचा मानाचा धंदा. कारखान्यात माझ्या चकाकत्या पत्र्याचं केवढं कौतुक झालं! मी जन्मतःच अधू आहे, माझ्याच्याने काजळी धड जळत नाही, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. कारखान्याला होतं का, ते मला विचारू नका. मी फिल्टर आहे, न्यायाधीश नाही.

माझ्या नशिबी मास्तरांची गाडी आली. मास्तर लोकांना गाडी चालवायला शिकवत. वळताना रिकाम्या रस्त्यालाही इशारा देणारा माणूस!

काही महिन्यांतच मी तुंबलो. पुढे चालकासमोर इशाऱ्याचा पिवळा दिवा लागला, मागून पांढरा धूर निघाला आणि गाडी भर शिकवणीत चढावर धापा टाकू लागली. मास्तरांनी ती कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या साहेबांनी बॉनेटही न उघडता निदान केलं: दोष गाडीत नाही, चालवण्याच्या सवयीत आहे.

हे त्यांनी कुणाला सांगितलं, ते लक्षात घ्या. मागे रांगेत मास्तरांचेच दोन जुने शिष्य उभे होते. बातमी पसरली, शिकायला येणारे रोडावले. जेवताना मेहुणी म्हणाली, "भाऊजी, तुम्ही एखादा क्लास का लावत नाही?"

मास्तर हसले. पण दुसऱ्या दिवसापासून ते क्लचवरच्या आपल्याच पायाकडे संशयाने बघू लागले. तेव्हा मला जी लाज वाटली, ती अजून जळालेली नाही. अर्थात माझ्यात काहीच जळत नाही.

शेवटी मास्तर साहेबांना म्हणाले, "तुम्हीच चालवा. मी शेजारी बसून शिकतो."

साहेबांनी हमरस्त्यावर गाडी सुसाट सोडली. मी जिवाचं रान केलं. पुलावर पोचताच माझ्यातून धुराचा लोट निघाला आणि गाडी बंद पडली. मास्तरांनी सवयीने आधी धोक्याचे दिवे लावले. साहेबांनी दोनदा किल्ली फिरवून पाहिली, मग म्हणाले,

"मास्तर, तुमच्या शेजारी बसून माझीही सवय बिघडली."

"मग शिष्यांपुढे एवढंच सांगा," मास्तर म्हणाले, "की चूक माझ्या पायाची नव्हती."

साहेब म्हणाले, वर विचारून सांगतो. वरच्यांनी सगळ्याच गाड्यांचे फिल्टर फुकट बदलून दिले, 'ग्राहकांच्या सोयीसाठी'. ते एक वाक्य मात्र कुणाच्या तोंडून निघालं नाही.

काढून टाकलेला मी मास्तरांनी मागून घेतला; हल्ली मी त्यांच्या वर्गात, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून टेकवलेला असतो. कुणी चौकशी केली तर मास्तर म्हणतात, "त्याचा काय दोष? घडवला तसा तो." त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या.

मित्रांनो, उद्या तुम्ही काही घडवाल. त्यात खोट निघाली तर नुसता डबा बदलून मोकळे होऊ नका. ज्याच्या माथी खापर फोडलं, त्याच्या दारात जाऊन 'चूक आमची' म्हणा, चारचौघांना ऐकू जाईल असं.

आणि हो, वर्गात आलात तर मला पायाने सरकवू नका. पोटात अजून काजळी आहे, आणि भिंतींना नुकताच पांढरा रंग दिला आहे.