चायना ग्रासचे पोपडे

पंच्याऐंशी साली भर स्पर्धेत माझ्या डोक्यावरून चायना ग्रासचे पोपडे सुटले, आणि त्यासाठी मी आईला चौदा वर्षं धारेवर धरलं.

आमचा खेळ म्हणजे गाण्याच्या तालावर आठ जणींनी पाण्यात एकसारखं नाचायचं. केस विस्कटू नयेत म्हणून त्यांवर गरम जिलेटिन थापायचं. ते हाडांपासून करतात, हे दिल्लीत आर. के. पुरमच्या कुणा शेजारणीने आईला सांगितलं. आईच्या स्वयंपाकघरात अंड्यालाही मज्जाव! तिने त्याऐवजी गुपचूप समुद्री शेवाळाचं चायना ग्रास उकळलं. तिसऱ्याच बुडीला पोपडे उडाले, केस डोळ्यांवर आले, माझा ताल चुकला आणि आठ जणींचं पदक गेलं. घरी येऊन मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. वर पाहुण्यांसमोर टोमणे चालूच. आई तेवढ्यात चहा आणायला उठायची.

नव्याण्णव साली गुडगावच्या एका नव्या सोसायटीत मी मुलींना हाच खेळ शिकवू लागले. मयूर विहारच्या आमच्या घरून दोन बस बदलून जायचे. नोकरी कच्ची होती. सेक्रेटरींनी स्पष्टच सांगितलं, "मॅडम, संडे का शो अच्छा हुआ तो पक्का. नहीं तो लडकियों का बैच बंद." शोमध्ये आधी मी एकटी उतरणार होते, मग मुली. मला पाण्याशिवाय दुसरं काही येत नाही.

रविवारी पहाटे उठले तर स्वयंपाकघरातून स्पर्धांत बाकीच्या मुलींच्या केसांना यायचा तो जुना वास. आई नाकाला पदर लावून पातेलं ढवळत होती.

"आई, काय उकळतेयस?"

"जिलेटिन. पहाडगंजहून आणलं. दुकानदाराकडून पाकीट दोनदा वाचून घेतलंय, बिल्कुल तेच आहे."

"अगं, पण हे तुझं खिरीचं पातेलं!"

"मग? तेच जाड बुडाचं आहे. बस खाली, गार झालं की गोळा होतो."

मी बसले. बाबांच्या जुन्या दाढीच्या ब्रशने ती एकेक बट चापून बसवू लागली. मागून हळूच म्हणाली, "तेव्हा चुकलंच माझं, शुभदा."

माझी जीभ एरवी कधी अडत नाही. "मी जास्त चुकले गं," एवढंच कसंबसं म्हणाले आणि रडले. "हलू नकोस," आई ओरडली. उरलेलं जिलेटिन तिने मुलींसाठी थर्मासमध्ये भरलं आणि साडी बदलून माझ्याबरोबर बसमध्ये चढली.

शोमध्ये मी पाण्यात डोकं खाली केलं, पाय सरळ वर गेले, टाळ्या पाण्याखालीही ऐकू आल्या. मग मुली उतरल्या, एकीचाही ताल चुकला नाही. काठाशी आले तर सेक्रेटरी वाकून म्हणत होते, "मंडे से पक्का, मॅडम!" मी त्यांच्या मागे आईला शोधलं. सगळी सोसायटी मुलींकडे बघत होती. आई माझ्या जागच्या जागी बसलेल्या केसांकडे बघत होती, आणि रिकामा थर्मास छातीशी धरून हसत होती.